ध्वनिमुद्रित भावगीत आणि कवीचे नाव

गाण्यांच्या बेकायदेशीर नकलांविषयी आपल्याकडे गेली चाळीस वर्षे चर्चा चालू आहे. कॅसेटच्या काळात ती सुरू झाली, आंतरजालावरून गाणी फुकट उतरवून घेण्याची सोय झाल्यावर ती तीव्र झाली, आणि मासिक वर्गणी भरून किंवा जाहिराती सोसून हवे ते गाणे हव्या त्या वेळी ऐकता येऊ लागल्यावर ती बरीचशी थंडावली. या चर्चेत कंपनीचे नुकसान, गायकाचे मानधन आणि श्रोत्याची नीती हे तीन विषय ठरलेले असत. कवीचा उल्लेख क्वचितच होई. आणि साहित्यसमीक्षेने तर हा प्रश्न आपला मानलाच नाही. तो कायद्याचा व व्यापाराचा प्रश्न, काव्याचा त्याच्याशी संबंध काय, अशी एक सोयीची समजूत आपण करून घेतली. प्रस्तुत लेखात या समजुतीला हरकत घ्यावयाची आहे. भावगीत ज्या वाटेने श्रोत्याच्या हाती येते त्या वाटेवर त्याची किंमत बुडाली की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु त्याच वाटेवर कवीचे नाव बुडाले, आणि ते फुकट घेणाऱ्याइतकेच किंमत देणाऱ्याच्या हातूनही बुडाले, ही गोष्ट मराठी काव्याच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

ध्वनिमुद्रिकेच्या इतिहासाची सुरुवातच या दृष्टीने बोलकी आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच ती बाई स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत असे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना ही कोणाची तबकडी हे कळावे म्हणून ही युक्ती होती, असे सांगतात. गायिकेचे नाव तबकडीत कोरले गेले. ती बंदिश कोणी रचिली, हे सांगण्याची गरज मात्र कोणासच वाटली नाही. त्या काळच्या बंदिशींच्या बाबतीत ते स्वाभाविकही होते, कारण चीजेत रचनाकाराचे नाव गुंफण्याची आपली जुनी रीत होती. अभंगात तुकारामाची मुद्रा असते, ठुमरीत ‘पिया’ची. गाणे कोठेही गेले तरी कर्त्याचे नाव त्याच्या पोटातच असे. आधुनिक भावकवितेने ही नाममुद्रा सोडली आणि कवीचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नेऊन ठेवले. पुस्तक आहे तोवर ते नाव सुरक्षित होते. कविता पुस्तकातून तबकडीत गेली तेव्हा मुखपृष्ठ मागे राहिले.

संगीत नाटकांच्या काळात ही अडचण फारशी जाणवली नाही. प्रेक्षक नाटकगृहात पद्यांची छोटी पुस्तिका विकत घेई, आणि देवल कोण व खाडिलकर कोण हे त्यास ठाऊक असे. अडचण आली ती भावगीताबरोबर. ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण घ्या. मेहकरसारख्या आडगावी राहणाऱ्या या कवीची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत तिच्या ध्वनिमुद्रिकेने महाराष्ट्रभर धुमाकूळ घातला. त्याच नावाचा देशपांड्यांचा काव्यसंग्रह मात्र निघाला १९५४ साली. म्हणजे सुमारे वीस वर्षे ही कविता पुस्तकाशिवाय, केवळ तबकडीवर जगली. घरोघर ती म्हटली गेली. परंतु तिच्या कर्त्याची इतर कविता कशी आहे, हे पाहण्यास श्रोत्यास साधनच नव्हते. मराठी समीक्षेने देशपांड्यांची दखल उशिरा घेतली, याचे एक कारण मला येथे दिसते.

‘गीतरामायणा’ची गोष्ट नेमकी उलट घडली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकरांची ही गीते सुधीर फडके यांच्या चालीत वर्षभर प्रसारित झाली. श्रोत्याने त्यासाठी विकत काही घ्यावयाचे नव्हते, तरीही कवीचे नाव प्रत्येकाच्या तोंडी बसले. कारण उघड आहे. पुण्याची वृत्तपत्रे प्रत्येक आठवड्याचे नवे गीत छापीत. श्रोते कानाने गाणे ऐकत आणि डोळ्यांनी कविता वाचीत. गाणे फुकट मिळाले म्हणून कवी बुडाला नाही. शब्द आणि नाव सोबत आले म्हणून तो तरला. पैसे दिले की कवीचा मान राखला गेला, या आपल्या हिशेबात काहीतरी चूक आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

आपल्या प्रांताशी ज्याचे नाते आहे अशा कवीकडे आता वळू. भास्कर रामचंद्र तांबे मुंगावलीस जन्मले, त्यांचे शिक्षण झाशी-देवासास झाले, सारे आयुष्य मध्य भारतातील संस्थानांत गेले आणि १९४१ साली ग्वाल्हेरास राजकवी असताना त्यांचे देहावसान झाले. माधव जूलियन यांनी १९३५ साली संपादिलेली त्यांची समग्र कविता उघडून पाहिली तर अनेक कवितांच्या मथळ्याशी रागाचे नाव आढळते, आणि शेवटी स्थळ व दिनांकही. हा कवी गाण्यासाठीच लिहीत होता, आणि आपले गीत कोणत्या सुरात म्हणावे हेही सुचवीत होता. पुढे वसंत प्रभू व हृदयनाथ मंगेशकर यांनी त्यांच्या कवितांना चाली दिल्या, लता मंगेशकरांनी त्या गायिल्या, आणि तांबे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. खरे म्हणजे पोचले ते तांबे नव्हेत. पोचली ती ‘लताची भावगीते’.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते कवितेच्या अर्थात. मधूची याचना करणाऱ्या सख्यास नकार देणारी तांब्यांची सुप्रसिद्ध कविता पाहा. वसंत प्रभूंची आर्त चाल आणि तो कोवळा स्त्रीस्वर यांमुळे बहुतेक श्रोते तीस विरहिणीचे प्रेमगीत समजतात. वस्तुतः, माझ्या मते, ते एका वृद्ध कवीचे आपल्या वाचकास दिलेले उत्तर आहे. तारुण्यात मी तुम्हांस शृंगाराचा मध भरभरून पाजला. आता दिवस कलला, हात थरथरतात, गाठी उरले आहे ते केवळ देवाच्या नैवेद्यापुरते, असा तिचा आशय आहे. हा आशय ज्यास कळावयाचा त्यास प्रथम हे ठाऊक असावे लागते की ही कविता तांब्यांची आहे. आणि याच तांब्यांनी पूर्वी दांपत्यप्रेमाची उत्फुल्ल गीते लिहिली आहेत. मावळत्या सूर्यास उद्देशून लिहिलेली, जगाच्या कृतघ्नतेची खंत सांगणारी त्यांची कविताही या कवितेशेजारी ठेवूनच वाचावयास हवी. कवीचे नाव हा कवितांना एकत्र ओवणारा दोरा आहे. तो काढून घेतला की मणी सुटे होतात. सुटे मणी सुंदर असतात हे मान्य, पण मग एका कवितेच्या आधाराने दुसरी समजून घेण्याची वाट बंद होते.

याउलट उदाहरणही आमच्या शेजारीच आहे. १९४८ साली देवासास येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांनी तांब्यांच्या गीतांचा स्वतंत्र कार्यक्रम केला. त्यास त्यांनी नाव दिले ‘तांबे गीतरजनी’. गायक इतका मोठा, पण मथळा कवीचा. श्रोता तेथे बसताच त्यास कळे की आज आपण एका कवीस भेटावयास आलो आहोत. एवढी एक गोष्ट ध्वनिमुद्रिकेच्या व्यापारास सहज जमली असती.

ती का जमली नाही, हे पाहण्यासाठी श्रोता गाणे कसे विकत घेत होता हे पाहिले पाहिजे. पुण्या-मुंबईचे मला ठाऊक नाही, परंतु मालव्यातील मराठी माणसास १९८५ च्या सुमारास विकत घेण्याजोगे फार थोडे होते. फ्रीगंजच्या बाजारात हिंदी चित्रपटगीतांच्या कॅसेटी हव्या तेवढ्या. मराठी भावगीतांची एखादी कॅसेट मिळालीच तर मिळे. मे महिन्यात पुण्याहून आलेल्या पाहुण्याने आणलेली कॅसेट मग आळीत फिरे, आणि कोऱ्या कॅसेटवर ती ‘भरून’ घेतली जाई. काही दुकानदारही यादी घेऊन गाणी भरून देत. दुकानदाराने पैसे घेऊन असे करणे हा कायद्याचा उघड भंग होता. परंतु जे दुकानात मिळतच नव्हते ते शेजाऱ्याकडून उतरवून घेणाऱ्या कुटुंबास सरळ चोर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या कॅसेटींमुळेच कित्येक घरांत मराठी टिकली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ सालच्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर हिंदुस्थानातील कॅसेटव्यवसायाचा अभ्यास केला आहे. एकाच कंपनीची जुनी मक्तेदारी कॅसेटने मोडली आणि प्रांतोप्रांतीच्या बोलींतील संगीत बाजारात आले, हे त्यांनी सप्रमाण दाखविले. म्हणजे नकलेच्या व्यापाराने नुसते लुटले नाही, काही दिलेही.

पण त्या भरलेल्या कॅसेटवर बॉलपेनने काय लिहिलेले असे? ‘मराठी भावगीते, भाग २’. फार तर ‘लता-आशा’. पुढे पदपथावर मिळणाऱ्या, शंभर-दीडशे गाणी कोंबलेल्या चकत्या आल्या. त्यांत तर गाण्याऐवजी क्रमांकच उरला. मग मोबाइलच्या दुकानात पेन ड्राइव्ह भरून मिळू लागला आणि आंतरजालावरून उतरवलेल्या गाण्यांच्या नावांची रोमन लिपीत अशी मोडतोड झाली की कविता ओळखणेही कठीण व्हावे. हे सर्व बेकायदेशीर होते, म्हणून त्यास दोष देणे सोपे आहे. आज श्रोता रीतसर वर्गणी भरतो किंवा जाहिरातींच्या रूपाने मोल देतो. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात काय दिसते? गायकाचे नाव, संग्रहाचे चित्र. कवीचे नाव शोधावयाचे तर आत दोन पायऱ्या उतरावे लागते, आणि तेथेही पुष्कळदा कवी व संगीतकार एकाच ओळीत, कोण कोणता हे न सांगता, उभे केलेले असतात. म्हणजे व्यवहार शुद्ध झाला, नाव मात्र जेथल्या तेथेच राहिले. या काळात कवीचे नाव जपले ते व्यापाराने नव्हे, ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळासारख्या रसिकांच्या निरपेक्ष उद्योगाने. तेथे प्रत्येक गाण्यापाशी गीत, संगीत आणि स्वर यांची नावे वेगवेगळी दिलेली आढळतात.

कायदा याबाबत काय म्हणतो ते शिक्षकबंधूंनी जाणून घेण्यासारखे आहे. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन गीत लिहवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा हक्क निर्मात्याकडे जातो. गीतकारांची ती दुरवस्था पस्तीस वर्षे टिकली. २०१२ च्या दुरुस्तीने, जावेद अख्तर राज्यसभेत असताना, असे ठरविले की कवी व संगीतकार यांना ध्वनिमुद्रणाच्या पुढील उपयोगातील मानधनाचा समान वाटा मिळालाच पाहिजे, आणि कोणत्याही कराराने तो काढून घेता येणार नाही. ही दुरुस्ती फार मोलाची आहे. पैशाचा प्रश्न तिने तत्त्वतः सोडविला.

नावाचे काय? १९८४ साली नकलांना आळा घालण्यासाठी कायद्यात कलम ५२-अ घातले गेले. ध्वनिमुद्रिकेवर व तिच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणे त्याने बंधनकारक केले: मुद्रण करणाराचे नाव व पत्ता, स्वामित्वहक्काच्या मालकाचे नाव व पत्ता, आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. मालकाचा पत्तादेखील हवा. कर्त्याचे नाव मात्र या यादीत नाही! कवीने हक्क कंपनीस दिलेले असतील तर या कलमाचे पूर्ण पालन करूनही त्याचा कोठे उल्लेख न करता तबकडी विकता येते. कायद्याच्या मसुद्यात साहित्यिकांचा हात नसला म्हणजे काय होते, याचा हा नमुना समजावा.

तथापि याच कायद्यातील कलम ५७ कवीच्या बाजूचे आहे. हक्क विकून टाकल्यावरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि तिच्या विकृतीस हरकत घेण्याचा कर्त्याचा अधिकार त्यात मान्य केला आहे. मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या आपल्या कादंबरीवरील चित्रपटाविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला होता. ते प्रकरण अखेर समझोत्याने मिटले. परंतु १९८६ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्यात या कलमाचे जे विवेचन केले ते पुढे मार्गदर्शक ठरले. भानपुऱ्यास जन्मलेल्या आणि पुढे उज्जैनच्या प्रेमचंद सृजनपीठाच्या प्रमुख राहिलेल्या या लेखिकेचे हे ऋण आपण विसरू नये.

मुदतीचा हिशेबही मनोरंजक आहे. मूळ कायद्यात कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिके. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. त्यांचा हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून धावपळ झाली आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत साठ वर्षांची करण्यात आली. आमचे तांबेही त्याच वर्षी गेले होते. रवींद्रांसाठी वाढविलेली दहा वर्षे त्यांनाही आपोआप मिळाली. २००१ अखेर ती संपली. आज त्यांची कविता कोणीही, कोणास न विचारता व काही न देता, गावी. मात्र कलम ५७ मधील विकृतीविरुद्धच्या हक्कास असलेली मुदतीची अट २०१२ साली काढून टाकली गेली आणि कृती कोणाची हे सांगण्याचा हक्कही वारसांपर्यंत पोचला. म्हणजे पैशाचा हक्क सरला तरी नावाचा उरला. माडगूळकरांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि फडक्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. परंतु १९६० साली निघालेल्या एखाद्या तबकडीवरील कंपनीचा हक्क २०२० अखेर संपला. तबकडी मोकळी आणि तिच्यातील शब्द बांधलेले, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

शाळांपुरते एक सांगतो, कारण स्नेहसंमेलनाच्या वेळी हा प्रश्न दरवर्षी निघतो. शाळेच्या कार्यक्रमात, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशी संबंधित मंडळी एवढेच असतील, तर ध्वनिमुद्रिका वाजविण्यास कायद्याची मोकळीक आहे. त्याच कार्यक्रमाचे चित्रण आंतरजालावर टाकले की ही मोकळीक संपते. पण ज्या निवेदकाने ‘आता सादर होत आहे लता मंगेशकर यांचे गीत’ असे म्हणून मुलींना नाचावयास पाठविले, त्याने कोणताही दंड न होता कवीचे नाव खाल्ले, आणि हे आपल्याच शाळांत चालते. उज्जैन-इंदूरची मराठी मुले बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी कविता त्यांच्या वाट्यास पाठ्यपुस्तकातून येत नाही. आली तर गाण्यातून येते. महाराष्ट्रातील मुलास शाळेत तांबे भेटतील. आमच्या मुलास ते गाण्याच्या निवेदनात भेटले नाहीत तर भेटणारच नाहीत.

रसिकास नावाची गरज काय, गाणे गोड लागले म्हणजे झाले, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि त्यास लोकगीताचा दाखला दिला जातो. श्राद्धपक्षात मालव्याच्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडून जी गाणी म्हणतात त्यांचा कर्ता कोणास ठाऊक आहे? कुमार गंधर्वांनी मालव्याच्या लोकधुनांचा ध्यास घेतला, तो काही कर्त्यांची नावे विचारून नव्हे. हे खरे आहे. त्या गाण्यांपुढे ‘पारंपरिक’ हा शब्द लिहिणे प्रामाणिक आहे, कारण पिढ्यान् पिढ्यांच्या तोंडांनी ती घडविली आहेत. परंतु हाच शब्द जेथे कर्ता ठाऊक आहे तेथे आळसाने किंवा मानधन टाळण्यासाठी लिहिला जातो, तेव्हा तो लोकपरंपरेचा गौरव राहत नाही. बहिणाबाई चौधरींना याचा धोका सर्वांत अधिक. लेखणी हाती न धरलेल्या या स्त्रीच्या ओव्या ऐकणाऱ्यास लोकगीतासारख्याच वाटतात. त्यांचे निधन १९५१ च्या डिसेंबरात झाले. सोपानदेवांनी टिपून ठेवलेली गाणी १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली नसती तर आज त्यांच्यापुढेही ‘पारंपरिक’ हाच शब्द असता. मरणोत्तर प्रकाशित झाल्यामुळे त्या गाण्यांची मुदत प्रकाशनापासून मोजली गेली आणि २०१२ अखेर संपली. तेव्हापासून ती कोणीही मुद्रित करून विकू शकतो. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई आणि जळगावच्या बहिणाबाई यांची गल्लत सुशिक्षितांतही होते; मोबाइलवर गाणे ऐकणाऱ्या मुलास तर केवळ एक आवाज आणि एक चित्र दिसते. त्या दोघींमध्ये अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे हे त्यास सांगणारी वस्तू अजून १९५२ चे ते पुस्तकच आहे, आणि मध्य प्रदेशातील किती मराठी घरांत त्याची प्रत आहे, हे आपण मोजून पाहावे.